परक्या समुद्राची ओहोटी

"सात बजे पानी सबसे नीचे होगा, साब," बिधानबाबू म्हणाले. "साढ़े छे बजे निकल जाइए. नौ के बाद उधर मत रहना."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि समुद्राविषयी सल्ला देणाऱ्याकडे कोकणी माणूस बघतो तसं त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे प्रेमानं, आणि थोड्या करुणेनं.

"नौ बजे," मी म्हणालो. "आज पानी नौ बजे सबसे नीचे."

"नहीं साब. सात."

"आज चतुर्थी है."

बिधानबाबूंनी माझ्या बायकोकडे पाहिलं. बायको पपईच्या बिया काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अंदमानातलं एक लहानसं बेट. नाव सांगत नाही, कारण बिधान मंडल हे सज्जन गृहस्थ अजून तिथे आहेत, आणि माझी गोष्ट ते पर्यटकांना अजून सांगत असतील तर तिचा पुरावा मी कशाला देऊ. त्यांच्या अंगणात बांबूच्या चार खोल्या होत्या, त्यातल्या एकीत मी आणि वैजयंती पाच दिवस उतरलो होतो. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला शिकायला गेली होती. घरात दोघंच उरली की माणसं एक तर तीर्थयात्रेला जातात किंवा डॉक्टरकडे. आम्ही अंदमानला आलो, याचं सगळ्या गावाला कौतुक होतं.

खरं कारण गावाला माहीत नव्हतं. वैजयंती आमच्या शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात गणित शिकवायची. संस्थेनं जव्हारच्या पलीकडे डोंगरात मुलींची नवी निवासी शाळा काढली होती आणि तिथली मुख्याध्यापिका म्हणून तिचं नाव पुढे आलं होतं. आमच्या गावापासून तिथे जायला दोन एसट्या आणि एक जीप लागायची. म्हणजे ती तिथे राहणार आणि मी इथे. महिन्यातून एकदा भेट. तिनं होकार द्यायचा की नकार, हे शनिवारी दुपारी दोनच्या बैठकीच्या आत सचिवांना फोन करून कळवायचं होतं, आणि आज शनिवार होता.

तिनं नकार द्यावा असं मला वाटत होतं. ते मी बोललो नव्हतो. मी समंजस नवरा होतो. मी फक्त विमानाची तिकिटं काढली होती. निळं पाणी, नारळाची झाडं, जोडीनं फिरणं, असं आठवडाभर चाललं की जव्हारच्या डोंगराचा आपोआप विसर पडेल असा माझा हिशेब होता. पाच दिवस झाले तरी तिनं विषय काढला नव्हता. ती जरा गप्प होती, ते मी समुद्राच्या खात्यावर जमा केलं होतं.

"बारा वाजता जेटीवर जाऊ," मी तिला म्हटलं. "तिथे नेटवर्क येतं. तुझा तो फोन करून टाकू."

"काय सांगू ते विचारत नाही तुम्ही."

"तुझा निर्णय आहे. मी कशाला मधे पडू?"

तिनं पपईची फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली.

आता चतुर्थीचं सांगतो. कोकणात किनाऱ्यावरच्या कोणालाही विचारा, भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी, म्हणजे चाराचे पाऊणपट तीन. तीन वाजता पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, नऊ वाजता, पूर्ण ओहोटी. एवढं सोपं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, पण गावात माझी ओळख पुस्तकांमुळे नव्हती. गणपती विसर्जनाला किती वाजता निघायचं, कालवं काढायला कधी उतरायचं, हे लोक मला रस्त्यात थांबवून विचारत. कोळी कधीच विचारत नसत. त्याचा अर्थ तेव्हा मी वेगळा लावायचो.

त्या दिवशी संकष्टी होती, मला उपास होता, त्यामुळे तिथीबद्दल शंकेला जागाच नव्हती.

बेटाच्या एका टोकाला समुद्रानं खडक पोखरून नैसर्गिक कमान केली होती. ओहोटीला तिच्याखालून चालत पलीकडे जाता यायचं. आम्ही पावणेनऊला पोचलो तेव्हा पर्यटक परत येत होते. एक मारवाडी कुटुंब, दोन नवी जोडपी, आणि डोक्यावर रुमाल बांधलेला एक गाईड. सगळे आमच्या उलट दिशेला.

"लवकर येऊन चुकले बिचारे," मी म्हणालो.

कमानीखाली पाणी घोट्याच्या वर होतं. वैजयंतीनं साडी नेसायची सोडून पंजाबी ड्रेस घातला होता, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली होती आणि पायात शाळेच्या सहलीचे कॅनव्हासचे बूट होते. दरवर्षी नववीच्या मुलींना ती गडावर न्यायची. चालताना ती माझ्या दहा पावलं पुढे असायची, आणि बावीस वर्षांत तिनं त्याचं कधी भांडवल केलं नव्हतं.

"पाणी चढतंय," ती म्हणाली.

"लाट आहे ती."

"मघाशी तो दगड दिसत होता."

"वैजू, नऊ वाजलेत. पाणी आता जिथे आहे त्याच्या खाली जायला जागा नाही."

हे वाक्य मी आयुष्यात जितक्या आत्मविश्वासानं बोललो तितक्या आत्मविश्वासानं दुसरं कुठलंच बोललेलो नाही.

कमानीच्या पलीकडे एक कडा वळसा घेऊन गेला की एक छोटी पुळण लागली. पांढरी वाळू, तीन बाजूंनी कडा, वर जंगल. आमच्याखेरीज कोणी नाही. खडकाच्या खळग्यांत निळे मासे होते, काकडीसारखा एक प्राणी होता जो अर्ध्या तासात चार बोटं सरकला. वैजयंती उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहिली.

"आमच्या संचालक मंडळात बसवा याला," ती म्हणाली. "बैठक लवकर आटपेल."

मी हसलो. तीही हसली. पाच दिवसांतलं ते पहिलं. मला वाटलं, झालं, जमलं, आता ही कुठे जात नाही.

दहा वाजता आम्ही परत फिरलो आणि कड्याच्या वळणावर थांबलो. वाट नव्हती. म्हणजे होती, पण ती पाण्याखाली गेली होती. मी दोन पावलं आत टाकली, पाणी कमरेला आलं. तिसऱ्याला लाटेनं उचलून खडकावर टेकवलं आणि गुडघा सोलून निघाला. खाली सगळं पोवळ्यांचं रान, सुरीसारखं धारदार.

"बाहेर या," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसा होता. मी बाहेर आलो.

"मी पोहून जाऊ शकते," तिनं पाण्याकडे बघत म्हटलं, "पण त्या दगडांवर आपटले तर शिवायला डॉक्टर नाही इथे. आणि तुम्हाला येत नाही."

ते खरं होतं. समुद्राच्या वेळा सांगणाऱ्याला पोहता येतं का, हे कोणी मला कधी विचारलं नव्हतं.

आम्ही पुळणीवर परत आलो. वाळूचा पट्टा निम्मा झाला होता, पण कड्याच्या पायथ्याशी सुकलेला पालापाचोळा होता. म्हणजे तिथवर पाणी येत नव्हतं. जिवाला भीती नव्हती. आम्ही तिथे बसलो. तिनं काडी घेतली आणि वाळूवर काहीतरी मांडायला लागली.

"काय करतेस?"

"बिधानबाबू सात म्हणाले. तुम्ही नऊ. दोन तासांचा फरक. तुमचं सूत्र बरोबर आहे," ती म्हणाली, "किनारा चुकला. हा समुद्र बंगालच्या बाजूचा. इथे पाऊणपट करून त्यातनं दोन वजा करायचे." तिनं काडीनं रेघ ओढली. "म्हणजे भरती एकला. वाट मोकळी व्हायला चार वाजणार."

सगळं गाव मला विचारायचं आणि हिनं पाच मिनिटांत दोन वजा केले.

"चार," ती पुन्हा म्हणाली. "आणि बैठक दोनला आहे."

तिनं काडी खाली ठेवली.

"मुद्दाम केलंत?"

"काय?"

"ही भरती."

"वैजू, शपथ घेऊन सांगतो."

"नको." ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "नाही. तेवढी हुशारी तुमच्यात नाही, मला माहीत आहे."

एरवी मला राग आला असता. त्या दिवशी बरं वाटलं, आणि मग लगेच बरं वाटेना. कारण मी मुद्दाम केलं नव्हतं हे खरं, पण आता हे घडलंय म्हटल्यावर माझ्या मनात काय आलं ते मला ठाऊक होतं. दोन वाजून जातील. फोन होणार नाही. निर्णय कोणालाच घ्यावा लागणार नाही. समुद्रानंच घेतला असं म्हणता येईल. देवानं संकष्टीच्या दिवशी इतक्या तत्परतेनं लक्ष घातल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

तिच्या पिशवीत बिस्किटांचा पुडा होता. मला उपास, त्यामुळे तो तिनं एकटीनं खाल्ला, एकेक बिस्कीट माझ्याकडे बघत. अकरा वाजले. साडेबारा वाजले.

"तुम्हाला काय वाटतं, मी काय सांगावं?" तिनं विचारलं.

"तुला हवं ते."

"ते झालं. तुम्हाला काय वाटतं?"

"लांब आहे फार."

"हो."

"जेवणाखाण्याचे हाल होतील."

"कोणाचे?"

मी समुद्राकडे पाहिलं. समुद्र आणखी जवळ आला होता.

"साठ मुली आहेत तिथे," ती म्हणाली. "पहिल्या फेरीत बघून आले ना, तेव्हा एकीनं मला विचारलं, बाई, तुम्ही राहणार की बघून जाणार? मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, सगळे तेच म्हणतात." तिनं पुड्याचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. "मला जायचंय. होय सांगायचंय मला."

तिनं हे इतकं सरळ सांगितलं की समजुतीचं एकही वाक्य त्यात घुसवायला फट नव्हती.

"पण फोन," मी म्हणालो. "इथे एक दांडी नाही."

वैजयंतीनं मान वर केली. आमच्या मागचा कडा तीस-चाळीस फूट असेल. झाडांची मुळं लोंबत होती, मधे एक घळ होती, वर केवड्याची जाळी.

"वर उघडं आहे. जेटी समोर दिसत असणार. वर येईल नेटवर्क."

तिचा फोन खोलीतच होता. माझा खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. मी तो काढून तिच्यापुढे धरला. गड चढणारी ती; माझा गुडघा सोललेला, वजन ब्याऐंशी किलो, पोटात सकाळपासून दोन केळी आणि कोरा चहा.

तिनं फोन घेतला नाही.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"मी?"

"सावकाश जा. मुळं आधी ओढून बघा. भाऊ गोठणकरांना सांगा, वैजयंती होय म्हणाली. एवढंच."

"अगं, पण तू पटकन..."

"तुम्ही जा."

मी गेलो. त्या चढाईचं वर्णन करण्यासारखं काही नाही. दोनदा घसरलो, एकदा मुळीऐवजी कोणाची तरी शेपटी धरली असं वाटलं आणि मी अथर्वशीर्षाचा मधलाच भाग म्हणायला लागलो. अर्ध्या तासानं वर केवड्याच्या काट्यांत उभा राहिलो. खाली वैजयंती एवढीशी दिसत होती. ती उभी राहून वर बघत होती.

फोनवर दोन दांड्या आल्या. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी नंबर लावला.

"बोला मुरुडकर," भाऊ गोठणकर म्हणाले. भाऊ म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव, गावातला माझ्या तीस वर्षांच्या ओळखीचा माणूस. "काय म्हणतंय काळं पाणी?"

"निळं आहे," मी म्हणालो. "भाऊ, वैजयंतीचं कळवायचं होतं."

"हां हां. ते लक्षात आहे माझ्या. काळजी करू नका. मी सकाळीच अजेंड्यावर दुसरं नाव घातलंय."

"दुसरं?"

"अहो, तुम्हीच नाही का एसटी स्टँडवर म्हणालात? तिच्या मनात नाही, पण तोंडावर नाही म्हणणं तिच्या जिवावर येतं, फोन आला नाही तर नकार समजा म्हणून. मी म्हटलं, बरोबर आहे, बायकामाणसांचा संकोच असतो. पाटण्यांच्या सुनेचं नाव घातलं मी. ती तशी नवखी आहे, पण चालेल."

हे मी बोललो होतो. निघायच्या दोन दिवस आधी, मुंबईच्या गाडीचं आरक्षण करताना, अगदी सहज. इतकं सहज की विमानात बसेपर्यंत मीच ते विसरलो होतो, असं मी स्वतःला पाच दिवस सांगत होतो.

आता फक्त 'ठीक आहे' म्हणायचं होतं. दोन शब्द. आणि खाली उतरून सांगायचं होतं, नेटवर्क नव्हतं गं. कोणी विचारलं नसतं. या बेटावर नेटवर्क नसणं ही बातमी नव्हती.

खाली वैजयंतीनं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला होता.

"भाऊ," मी म्हणालो, "ते मी खोटं बोललो."

"म्हणजे?"

"तिच्या मनात आहे. पहिल्यापासून आहे. माझ्या मनात नव्हतं. ते मी तिच्या नावावर खपवलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मुरुडकर, अहो अजेंडा टाइप झालाय."

"खोडा. ती होय म्हणाली आहे. ती तिथे राहणार आहे, बघून जाणार नाही. आणि बैठकीत कोणी विचारलं की आधी नकार कसा कळला होता, तर माझं नाव सांगा."

"सांगू?" भाऊंना त्यात गंमत वाटायला लागली होती. "अख्ख्या मंडळापुढे?"

"इतिवृत्तात घाला."

"घालतो," ते म्हणाले. "आणि वहिनींना अभिनंदन सांगा माझं."

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटचे सहा फूट मी बसूनच उतरलो. वैजयंतीनं बाटली पुढे केली. मी पाणी प्यायलो. हातांना काट्यांच्या रेघा उठल्या होत्या. तिनं एक हात उलटा करून पाहिला, मग दुसरा.

"लागला फोन?"

"लागला."

"सांगितलंत?"

"सांगितलं. होय म्हणून." मी बाटलीचं झाकण लावलं. "वैजू, एक गोष्ट आहे. निघायच्या आधी मी भाऊंना..."

"एसटी स्टँडवर," ती म्हणाली.

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"भाऊंनी घरी सांगितलं, गोठणकर वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी भाजी घेताना. म्हणाल्या, बरं झालं हो, तुम्हालाही नकोच होतं ना."

"म्हणजे तुला निघायच्या आधीपासून..."

"हो."

"आणि पाच दिवस तू काही बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. पहिल्या दिवशी वाटलं बोटीत बोलाल. मग वाटलं रात्री जेवताना. मग मी ठरवलं, शनिवारी जेटीवर आपणच फोन करायचा, आणि मग गावी गेल्यावर," ती थांबली. "गावी गेल्यावर काय ते मी पुढे ठरवलं नव्हतं."

मला भूक, काटे, गुडघा, सगळं एकदम जाणवायला लागलं.

"मग तू का नाही चढलीस वर? दहा मिनिटांत गेली असतीस."

"माझं काम नव्हतं ते," वैजयंती म्हणाली. "तुम्ही विस्कटलं होतंत."

"आणि मी वरून खोटंच सांगितलं असतं तर? नेटवर्क नव्हतं म्हणून?"

"मी बघत होते ना खालून. तुम्ही फोनवर बोलताना एका हातानं शर्टाची बटणं लावत होतात. एवढी अदब खोटं बोलताना नसते तुम्हाला. खोटं तुम्ही अगदी आरामात बोलता."

आम्ही कड्याच्या सावलीत बसलो. ती मला शाळेबद्दल सांगत होती. विहीर कुठे आहे, छप्पर कुठे गळतं, मुलींना भागाकार शिकवण्याआधी कुलूप लागणारं न्हाणीघर बांधावं लागेल. मी विचारत होतो आणि ती सांगत होती. पाणी कधी उतरायला लागलं ते आमच्या लक्षात आलं नाही.

चारला पाच मिनिटं असताना कमानीच्या बाजूनं बिधानबाबू आले, लुंगी खोचून, हातात शहाळं. ते आमच्यापासून लांबच थांबले. "साब," त्यांनी हाक मारली, "चतुर्थी खतम हुआ?"

"हुआ," मी म्हणालो.

आम्ही निघालो. वळणावर पाणी गुडघ्याला होतं, सावकाश ओसरत होतं. वैजयंती सवयीनं पुढे गेली, मग थांबली, मी पोचेपर्यंत.

"आणखी काय म्हणाले भाऊ?" तिनं विचारलं.

"काही नाही. अभिनंदन सांगा म्हणाले."

"मग सांगा की."

माझ्या लक्षात आलं, तिचं नाव पुढे आल्यापासून महिनाभरात साऱ्या गावानं ते तिला म्हटलं होतं, मी सोडून. शिपायानं, वाण्यानं, मुलीनं पुण्याहून.

"अभिनंदन," मी म्हणालो. "भाऊंचं. आणि माझं वेगळं."

तिनं हात पुढे केला. बावीस वर्षांत आम्ही एकमेकांशी कधी हस्तांदोलन केलं नव्हतं, त्यामुळे मला आधी कळलंच नाही. मग मी माझा ओरबाडलेला हात ओल्या शर्टाला पुसला आणि नव्या मुख्याध्यापिकेच्या हातात दिला. ती तो हलवून सोडेल असं मला वाटलं होतं. तिनं कोरडी वाळू लागेपर्यंत सोडला नाही.